सम्यकची बंडी

चंपाबाईंनी शिवलेला ब्लाउज अंगात गेला की बाई आपोआप ताठ उभी राहते, अशी परळपासून लालबागपर्यंत त्यांची ख्याती होती. वाकड्या तोंडाच्या बायका म्हणत, ताठ नाही राहणार तर करणार काय, वाकायला जागा ठेवलीय कुठे! चंपाबाईंना ही निंदासुद्धा स्तुतीसारखी गोड लागे. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून सैल म्हणून काही शिवलं गेलं नव्हतं. लग्न चार दिवसांवर आलेलं असताना हूक लागत नाही म्हणून रडत आलेल्या नवरीला त्या चष्म्यावरून बघत सांगत, "ब्लाउज बरोबर आहे. तू जेवण कमी कर."

अशा या बाईकडे त्यांचा भाचा सम्यक राहायचा. सम्यक जन्मला तेव्हा मुलगी झाली म्हणून चाळीत बर्फी वाटली होती. विसाव्या वर्षी त्याने घरच्यांना समोर बसवून सांगितलं, की मी मुलगी नाही, मुलगा आहे, आणि आजपासून मला सम्यक म्हणा. त्याचा बाप भिवा, म्हणजे चंपाबाईंचा धाकटा भाऊ, उठून गॅलरीत गेला तो दोन महिने बोललाच नाही. चंपाबाईंनीही त्या रात्री मशीन उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या उठल्या, लालबागहून किलोभर पेढे घेऊन आल्या आणि मजल्यावर दारोदार वाटले. कसले पेढे असं कुणी विचारलं, तर म्हणाल्या, "वीस वर्षं वाटायचे राहिले होते." त्याच आठवड्यात सम्यक बॅग घेऊन त्यांच्या खोलीत राहायला आला. भिवा आता बोलतो, सणाला येऊन जेवतोही, पण पोराला हाक मारायची वेळ आली की 'अरे, ऐक' म्हणून भागवतो.

सम्यक आता तेवीस वर्षांचा होता. दिवसभर दादरला एका चष्म्याच्या दुकानात उभा राहायचा आणि संध्याकाळी चाळीच्या पथकात ढोल वाजवायचा. यंदाच्या चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत, पथकाने त्याला पहिल्या रांगेत घेतलं होतं. फळ्यावर नावांची यादी लागली, तिच्यात 'सम्यक' असं खडूने लिहिलेलं होतं. त्या फळ्याचा फोटो त्याने चंपाबाईंना निदान दहा वेळा दाखवला असेल, आणि त्यांनीही दहा वेळा चष्मा पुसून पाहिला.

मार्चमध्ये चंपाबाईंच्या लक्षात आलं, की गॅलरीतल्या दोरीवर रोज दोन क्रेप बँडेज वाळत असतात. आधी वाटलं, ढोल वाजवून मनगट मुरगळलं असेल. पण मनगटाला चार-चार वार पट्टी कशाला लागते, हे कापडातल्या बाईला कळणार नाही तर कुणाला?

"कुठं लागलंय रे तुला?" त्यांनी विचारलं.

"कुठं नाय."

"मग हे ड्रेसिंग कुणाचं? माझं?"

सम्यकने मान खाली घातली. "छातीला बांधतो, आत्या. शर्टातून दिसू नये म्हणून."

"किती वेळ?"

"सकाळी बांधतो. रात्री सोडतो. कधी कधी सोडायचा कंटाळा येतो."

चंपाबाईंनी त्याची कॉलर मागून जराशी ओढून पाहिली. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली लाल वळ उठले होते आणि घामोळ्यांनी कातडी खरखरीत झाली होती. त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं, पण ते दाखवायची त्यांना सवय नव्हती.

"अरे गाढवा, घरात शिवणारी बाई असताना तू पट्ट्या गुंडाळून फिरतोस? लोक काय म्हणतील मला?"

"असं शिवता येतं? बाइंडर म्हणतात त्याला. ऑनलाइन मिळतो, पण साइज कळत नाय."

"तुझं इंग्रजी तुझ्याजवळ ठेव. आपण बंडी म्हणू. उभा राहा इथं."

आता झालं काय, की माप घेण्यासाठी बँडेज सोड म्हटल्यावर सम्यकचा चेहरा असा उतरला, की चंपाबाईंना पुन्हा म्हणवेना. राहू दे म्हणाल्या आणि बँडेजवरूनच टेप फिरवली. पोरगा श्वास रोखून उभा. आलेल्या मापातून त्यांनी सवयीप्रमाणे अर्धा इंच कमी धरलं, कारण कापड अंगावर ढिलं पडतंच, हा त्यांचा नेहमीचा हिशोब. आधीच आवळलेल्या अंगाचं माप घ्यायचं आणि वर त्यातूनही कापायचं! नवशिक्या पोरीने हे केलं नसतं, ती घाबरून दोनदा विचारत बसली असती. अशी चूक करायला चाळीस वर्षांचा अनुभवच लागतो.

बंडी झाली मात्र देखणी. जाड पॉपलीन दुहेरी घेतलेलं, पुढे कॉलरला लावतात तो कडक बकरम, आणि डाव्या बाजूला ओळीने अकरा हूक. सम्यकने ती घालून वर पांढरा शर्ट चढवला आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. आधी समोरून, मग बाजूने, मग पुन्हा समोरून. हा पोरगा आजवर आरशासमोरून चोरासारखा सटकायचा, तो पाच मिनिटं तिथून हलेना.

"आत्या, बघ ना," तो म्हणाला. "मी दिसतोय."

मग त्याने येऊन त्यांना मिठी मारली. चंपाबाई "सोड, इस्त्री मोडेल" म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी भाकरी तीन वेळा जाळली.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जे घडलं, ते चंपाबाईंच्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्यांनी पाहिलं नाही. सम्यक बंडी घालून चौदा तास राहू लागला. आत्याने शिवलेली आहे, म्हणजे काही होणार नाही, असं धरून झोपतानाही घालू लागला. पूर्वी तो शिंकला की शेजारची मांजर माळ्यावर चढायची. आता नाक दाबून शिंक गिळायला लागला. चंपाबाईंनी गिऱ्हाइकांच्या नकला केल्या तर हात वर करून म्हणायचा, "हसवू नको ना." जिना चढताना मधल्या वळणावर मोबाइल बघायचं निमित्त करून थांबायचा.

"घट्ट होते का रे?" त्यांनी एकदा विचारलंही.

"छे! एकदम मस्त. तू शिवलीयस ना."

चंपाबाईंनी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर त्यांना ते खरंच हवं होतं.

जयंतीला अकरा दिवस उरले होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पथकातली ताशेवाली आरोही धापा टाकत दारात आली. "काकू, चला लवकर. सम्यक सरावात पडला. ढोलासकट."

नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर इरावती म्हणून एक तरुण बाई बसत. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. सम्यक म्हणाला, "आत्याला राहू दे." पडद्यामागे त्याच्या अंगावरची बंडी सोडायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागली, आणि ती सुटल्यावर सम्यकने जो श्वास घेतला त्याचा आवाज पडद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या चंपाबाईंनाही ऐकू आला. पाण्याखालून वर आलेलं माणूस असा श्वास घेतं. मग तो बराच वेळ खोकत राहिला.

बरगडी मोडली नव्हती. स्नायूंना सूज होती, आणि बकरमच्या कडेने कातडी सोलवटली होती. डॉक्टर बंडी हातात घेऊन बाहेर आल्या.

"हे कुठून घेतलं?"

"ऑनलाइन," पडद्यामागून सम्यकचा आवाज आला.

चंपाबाई त्या पडद्याकडे बघत राहिल्या. अंगावर आपल्या शिलाईचे वळ उठलेत, उभं राहवत नाही, तरी हा पोरगा आपली अब्रू झाकतोय! त्यांना रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही स्वतःचंच आलं.

"मी शिवलीय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ऑनलाइन-बिनलाइन काय नाय. मी मापही चुकीचं घेतलं. पट्टीवरून घेतलं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे करून म्हणाल्या, "बसा काकू. शिलाई सुंदर आहे तुमची. पण ब्लाउज आणि हे वेगळं. हे घालून मोठा श्वास घेता आला पाहिजे, जांभई देता आली पाहिजे. नाही आली, तर ते लहान आहे, विषय संपला. क्रेप बँडेज तर नकोच, ते माणूस हलेल तसं आवळत जातं. चिकटपट्टी, सेलोटेप असले प्रयोगही नकोत."

"आणि वेळ?"

"सात-आठ तास, त्याच्या वर नाही. मध्ये जमेल तसं काढून थोडा मोकळा बसला तर उत्तम. झोपताना कधीच नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. आत पातळ सुती गंजी, रोज धुतलेली. आणि काढल्यावर हात वर ताणून दोन-चार लांब श्वास घ्यायचे, जरा खोकायचं." मग त्यांनी पडद्याकडे वळून आवाज चढवला. "सम्यक, ऐकतोयस ना? आठवडाभर काहीच बांधायचं नाही. सैल शर्ट घाल."

"आणि मिरवणूक?"

"ढोल वाजवताना घट्ट काही चालणार नाही. वर ऊन, घाम, ढोलाचं वजन. बरं वाटलं तर मऊ, सैल असं काहीतरी, तेही थोडा वेळ. आणि दुखलं, चक्कर आली, हाताला मुंग्या आल्या, की जिथे असशील तिथून बाहेर पडून काढायचं. रांगेत आहोत म्हणून दात-ओठ खात उभं राहायचं नाही."

घरी येऊन सम्यक भिंतीकडे तोंड करून पडला. "असा नाय जाणार मी," तो म्हणाला. "यादीत नाव सम्यक, आणि लोकांनी बघायचं काय?"

चंपाबाई मशीनजवळ बसल्या. बंडी मांडीवर घेऊन त्यांनी टाके उसवायला सुरुवात केली. स्वतःच्या हातची शिलाई त्यांनी अशी कधी उसवली नव्हती. बारीक टाके होते, वेळ लागत होता.

"मला खोटं का सांगितलंस?" अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं. "मी विचारलं होतं, घट्ट होते का."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू दे की! मला वाईट वाटायला काय धाड भरलीय? तू पडलास तेव्हा काय मी पेढे वाटले?" त्यांनी उसवलेला दोरा झटकला. "ऐक. बंडी चुकली तर मी दुसरी शिवीन. तुझ्या बरगड्या कुणाच्या मशिनीवर शिवून आणू? यापुढे दुखलं की दुखतंय म्हणायचं. मी काहीही शिवलेलं असो."

सम्यकने मान हलवली. पण मान हलवणं सोपं असतं, आणि हा पोरगा दुखणं गिळण्यात पटाईत आहे, हे आता चंपाबाईंना कळून चुकलं होतं. बंडीपेक्षा त्यांना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

सात दिवसांनी सूज उतरली. नवं माप घ्यायचं तर मोकळ्या अंगाचं घ्यायला हवं होतं, आणि ते सम्यक कुणाला घेऊ देणार नव्हता, आत्यालाही नाही. पूर्वी चाळीतली एखादी लाजरी नवी सून किंवा बाळंतीण शिवणारणीसमोर येत नसे. घरातच सुतळी अंगाभोवती फिरवून, गाठी मारून माप पाठवायची. चंपाबाईंना ही पद्धत मुळीच मंजूर नव्हती. दुसऱ्याने घेतलेलं माप म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास, असं त्या म्हणत आणि सुतळ्या परत पाठवत. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः खोलीत आडवी साडी बांधली, सम्यकला पलीकडे उभं केलं आणि साडीवरून सुतळी टाकली.

"काखेखालून फिरव. आवळू नको, नुसती टेकव. आणि श्वास रोखू नको."

"रोखला जातो ग आपोआप."

"मग बोलत राहा. दुकानातलं काय तरी सांग."

"काल एक आजोबा आले," सम्यक पलीकडून सांगू लागला. "माझा चष्मा चोरला म्हणे, तुमच्याच माणसाने. पोलिसात जातो. आणि चष्मा कपाळावर. मी आरसा धरला त्यांच्यापुढे. तर म्हणतात कसे, हा नाही, हा माझाच आहे..."

चंपाबाईंना हसू फुटलं, आणि ते ऐकून पलीकडे सम्यक हसला. तीन आठवड्यांनी तो पोटातून, मोकळा हसला होता.

"सुतळी सरकली, आत्या."

"सरकू दे. हसलास तिथंच गाठ मार."

त्या गाठीवर त्यांनी नवी बंडी बेतली. टी-शर्टाचं मऊ होजिअरी कापड, दुहेरी पदर फक्त पुढे, बाजूला एका हाताने उघडणारी चेन, आणि अंगाभोवती दोन बोटं सहज जातील एवढी मोकळीक. हात सवयीने आत घ्यायला धावत होता. दर वेळी त्या मशीन थांबवून सुतळीकडे बघत आणि स्वतःलाच एक शिवी देत.

सम्यकने ती घातली, मोठी जांभई देऊन पाहिली, वाकून पाहिलं. मग आरशासमोर बाजूने उभा राहिला.

"थोडं दिसतंय," तो म्हणाला.

"दिसतंय," चंपाबाई म्हणाल्या. खोटं बोलून काय झालं होतं ते दोघांनीही पाहिलं होतं.

"जरा आत घेतली तर?"

"मी घेणार नाय. दुसऱ्या कुणी घेतली तर तोंड बघणार नाय त्याचं."

तो आरशासमोरच उभा राहिला. चंपाबाई मशीनवर उगाच दोरा ओवत बसल्या. आता तो काय म्हणतो याच्याकडे त्यांचा जीव लागला होता. शेवटी त्याने पथकाचा सैल पांढरा कुर्ता वरून चढवला, बाह्या दुमडल्या, पुन्हा पाहिलं.

"पाच तास घालीन," तो म्हणाला.

"ढोल घेऊन तीन."

"चार."

"तीन, आणि मध्ये एकदा काढायची. भाजी घेतोयस काय?"

चौदा तारखेला साडेतीनला मिरवणूक निघाली. चंपाबाई रस्त्याच्या कडेने पथकाबरोबर चालत होत्या. खांद्यावरच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, ग्लुकोजचा पुडा आणि एक मोठा सुती टी-शर्ट. निळे झेंडे, निळे फेटे, उन्हाने तापलेला रस्ता. मध्ये एकदा पथक थांबलं तेव्हा सम्यकने कबूल केल्याप्रमाणे जवळच्या चाळीत जाऊन, बंडी काढून वीस मिनिटं दम खाल्ला, आणि मग पुन्हा रांगेत गेला. वाजवत होता मात्र काय! भिवासुद्धा कोपऱ्यावर उभा राहून बघत होता, आणि बघत नसल्यासारखं दाखवत होता.

सहाच्या आत पथक मोठ्या नाक्यावर आलं. इथे सगळ्या चाळींतली माणसं जमतात आणि इथेच पथक आपला खास ताल वाजवतं. वर्षभराचा सराव असतो तो या दहा मिनिटांसाठी. मोबाइल वर झाले. गॅलऱ्या भरल्या. पहिल्या रांगेतले सहा ढोल एकदम उठले. चंपाबाईंना ढोल दिसत नव्हते, त्यांना फक्त एक डावा खांदा दिसत होता. तो जरासा खाली आला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली.

'थांब,' त्या मनात म्हणाल्या. 'थांब रे राजा. गिळू नको.'

ओरडून उपयोग नव्हता, त्या गजरात स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. आणि समजा पोहोचला असता, तरी त्यांनी ओरडून थांबवलेला सम्यक उद्या पुन्हा कुठेतरी एकटाच पडला असता.

ताल ऐन रंगात असताना पहिल्या रांगेतला एक हात वर झाला. सम्यकने मागच्याला खूण केली, ढोल उतरवून त्याच्या हवाली केला आणि शेकडो मोबाइलसमोरून चालत रांगेबाहेर आला. कुणी तरी "काय झालं रे?" म्हणून ओरडलंही. तो सरळ चंपाबाईंसमोर येऊन उभा राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "दुखतंय."

चंपाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोराला दुखतंय हे ऐकून एवढा आनंद झालेली आत्या त्या दिवशी अख्ख्या मुंबईत दुसरी नसेल.

"कुठं?"

"डाव्या बाजूला. जास्त नाय. आत्ताच सुरू झालं."

"चल."

नाक्यावर पहिल्या मजल्यावर अक्षदा नावाची त्यांची जुनी गिऱ्हाईक राहायची. तिने काही न विचारता आतली खोली मोकळी करून दिली. सम्यक आत गेला, दार लावलं, आणि पाच मिनिटांनी तो मोठा टी-शर्ट घालून, घडी केलेली बंडी हातात घेऊन बाहेर आला. पाणी प्यायला. हात वर ताणून लांब श्वास घेतले, खोकला, पुन्हा घेतले. चेहऱ्यावर रंग आला.

"जायचंय परत?" चंपाबाईंनी विचारलं.

"नाय. आज बास." खालून ढोलांचा आवाज येत होता. "वाईट वाटतंय मला, आत्या. खोटं कशाला बोलू."

"वाटू दे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

मग तो उठून गॅलरीत गेला. नुसत्या टी-शर्टात, आत काही न बांधता, एवढ्या माणसांसमोर. चंपाबाई मागोमाग गेल्या. खाली आरोहीने त्याला पाहिलं आणि ताशाची काडी उंच करून हलवली. तिचं बघून रांगेतल्या दोघा-चौघांनी माना वर केल्या. सम्यकने कठडा घट्ट धरला, छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "जय भीम!"

नाक्यावरून उत्तर आलं, ते सगळ्या चाळींवर आदळत गेलं. शेजारच्या गॅलरीतलं तान्हं दचकून रडायला लागलं.

"हळू रे मेल्या," चंपाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "कान गेले माझे."

पण सम्यकने तोपर्यंत पुढचा श्वास भरून घेतला होता.